हात मागे

१२ जानेवारी

प्रिय बारके,

तुझी टिटवी सुखरूप पोचली. स्टेशनपासून घरापर्यंत एकदाही तोंड मिटलं नाही, तेव्हा हे टोपणनाव तू अगदी बरोबर ठेवलंस. आईच्या आठवणीने रडेल म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता. तिने त्याच रुमालाने माझं कपाट पुसलं आणि म्हणाली, "मावशी, तू एकटी राहतेस ना? दिसतंच." अशी तुझी कन्या.

कालपासून तिला मंडळात घेतलं. तू आमचं मंडळ कधी पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. आगीच्या बंबाची शेड आहे ना, तिच्यावर एक लांबट हॉल आहे. संध्याकाळी तिथे पोरं जमतात. कुणी सायकल खोलून जोडतं, कुणी कोंबड्या पाळतं, कुणी पाव भाजतं. वर्षभरात प्रत्येकाने एक वस्तू स्वतःच्या हातांनी पुरी करायची आणि मग लोकांसमोर उभं राहून ती कशी केली ते करून दाखवायचं. आम्ही मोठी माणसं शिकवतो, पण आमच्या आमच्या तुकड्यावर. मुलाच्या वस्तूला बोट लावायचं नाही. म्हणून मुलापाशी जाताना आम्ही हात पाठीमागे बांधून जातो. कुणी विसरलं की सगळी पोरं एका सुरात ओरडतात, "हात मागे!" खुर्च्या शिकवणाऱ्या सुतारकाकाला तर इतकी सवय झालीय की बाजारातही तो हात मागे बांधून भाजी बघतो आणि भाजीवाली वैतागते. मागे एका पोराची खुर्ची डुगडुगायची. तो एकेक पाय कापत गेला. खुर्चीचं स्टूल झालं, स्टुलाचं पायपुसणं व्हायच्या आत थांबला बिचारा. सुतारकाका कळवळत होता, पण त्याने बोट लावलं नाही. मीही इतक्या वर्षांत लावलं नाही.

टिटवीने कोट शिवायचा ठरवलाय. तुझ्यासाठी. तुझ्या गावाला वारा फार म्हणतेस, म्हणून गच्च विणीचं जाड कापड निवडलं. मी म्हटलं, "आधी पिशवी शिव." म्हणाली, "आई पिशवी अंगात घालेल का?"

तुझी पत्रं जेवण झाल्यावर तीच मला मोठ्याने वाचून दाखवेल. चारचौघांत बोलायची तालीम म्हणून मंडळात हे सगळ्यांना करायला लावतो. तेव्हा माझी निंदा करायची असेल तर खुणेने कर.

तुझी,
ताई

२९ जानेवारी

ती. ताई, नमस्कार.

टिटवीला तुझ्याकडे पाठवून आले त्या दिवसापासून माझ्या जिवाला जरा स्वस्थता आहे. वृद्धाश्रमाच्या या नोकरीत मला अर्धी खोली मिळालीय. उरलेली अर्धी रात्रपाळीच्या बाईची. मी उठते तेव्हा ती झोपायला येते. अशा खोलीत मुलीला कुठे ठेवणार? दिवसभर म्हाताऱ्यांना उठवते, बसवते, भरवते. एक आजोबा मला स्वतःच्या मुलीच्या नावाने हाक मारतात. मी ओ देते. आपल्या मुलीला हाक मारता येत नाही, तर निदान कुणाच्या तरी हाकेला ओ तरी द्यावी.

आता महत्त्वाचं. आश्रमासमोरच रस्त्याच्या पलीकडे शिवणकामाची शाळा आहे. मुलींना तिथेच राहता येतं. मुख्याध्यापक बाईंची आई आमच्याकडे असते, त्यामुळे ओळख झाली. त्या म्हणाल्या, बाहेरगावच्या मुली आम्ही सहसा घेत नाही. पण जिल्ह्याच्या प्रदर्शनात निवडलेलं स्वतःचं काम घेऊन आली, तर जागा ठेवते. ताई, माझ्या खिडकीतून त्या मुलींच्या खोल्या दिसतात. कपडे वाळत घातलेले दिसतात. रस्ता ओलांडला की माझी मुलगी!

तेव्हा कोट प्रदर्शनात गेलाच पाहिजे. तुझा नियम मोठा आहे, मान्य. पण टिटवी सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर काढते, हे तूही पाहिलं असशील. कुठे अडली तर एकदा हात पुढे कर. आभाळ काही कोसळणार नाही.

तुझी,
बारकी

१० फेब्रुवारी

आई,

तुझं पत्र मीच वाचलं, मोठ्याने, उभी राहून, आवाज पोटातून काढून. 'जीभ बाहेर काढते' इथवर आले तेव्हा मावशी हसली, म्हणून पुढची ओळ मी जीभ बाहेर काढून वाचली. 'एकदा हात पुढे कर' हे वाचल्यावर मात्र आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "हात मागे!" आई, तू मंडळात असतीस तर तुला पोरांनी हाकलून दिलं असतं.

कोटाची बातमी अशी. तुझं माप कुणी घेतलं नव्हतं. पण तू मला जवळ घेतेस तेव्हा माझं नाक तुझ्या वरून दुसऱ्या बटणाशी येतं. म्हणून मी आधी माझ्या नाकाची उंची भिंतीवर मांडली, तिथे दुसरं बटण धरलं आणि वर-खाली कोट काढला. सुतारकाका म्हणाला, असं माप त्याने जन्मात पाहिलं नाही. मी म्हटलं, तुला कुणी जवळ घेतलं नसेल. तो बराच वेळ रंधा मारत राहिला. मग मला वाईट वाटलं.

पाठ, पुढचे भाग आणि खिसे झाले. काजं पण झाली, जरा हसल्यासारखी दिसतात. कॉलर आणि अस्तर राहिलंय. बाही मात्र उलटी बसते. दोनदा उसवली. मावशी स्वतःच्या तुकड्यावर बाही लावून दाखवते, पण ती डावखुरी. तिच्या शेजारी बसून बघितलं की सगळं आरशात बघितल्यासारखं होतं. माझे टाके एकीकडे कलतात, तिचे दुसरीकडे. हातशिलाईत ती पटपट जाते आणि मी गोगलगाय. पण होईल. नाही झालं तर तू बिनबाह्यांचा घाल.

मला समोरच्या शाळेत यायचंय. खिडकीतून तुला वेडावून दाखवायचंय.

तुझी,
टिटवी

२४ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझ्या पत्राचं उत्तर लगेच लिहिलं नाही, कारण राग आला होता. तू सहज लिहून गेलीस, एकदा हात पुढे कर. या हॉलमध्ये ज्यांनी ज्यांनी 'एकदाच' म्हणून हात पुढे केला, त्यांची पोरं आजही आईबापाच्या तोंडाकडे बघून जगतात. मला नावं ठेवायची असतील तर ठेव, पण मंडळात हे शिकवू नकोस. आणि तेही पोरीच्या तोंडून वाचायला लावून!

टिटवी मेहनती आहे. बडबड करते, पण हात थांबत नाही. सायकलवाल्या पोरांना पंक्चर काढायलाही शिकवते. बाही अडलीय हे खरं. मला बघवत नाही, हेही खरं. तिच्या मागे उभी राहते तेव्हा माझी बोटं एकमेकांत गुंतवून ठेवावी लागतात. तुझ्या शाळेच्या गणवेशाला मी ठिगळं लावायची आणि तू शेजारी बसून पेरू खायचीस, ते आठवतं. तुला कधी सुई धरावी लागली नाही, मी होते ना. म्हणून तुला आज वाटतं की कुणीतरी हात पुढे केला की झालं.

निवड मार्चअखेर आहे. होईल ते होईल.

ताई

८ मार्च

ती. ताई,

हे पत्र टिटवीला वाचायला देऊ नकोस. तू एकटीने वाच.

मुख्याध्यापक बाईंनी पुन्हा विचारलं. जागा एकच आहे आणि दुसरी एक मुलगी मागे लागलीय. मी त्यांना छातीठोकपणे सांगून बसले की कोट निवडला जाईल. पलंगावर घालायला चादर घेतली, चौकटीची, तिला आवडते तशी. रात्रपाळीच्या बाईलाही सांगितलं. ती म्हणाली, चला, आता तू झोपेत बोलायची थांबशील. पहाटे ती परत येते तेव्हा मी झोपेत टिटवीशी बोलत असते म्हणे.

ताई, तुझी शिकवण चांगली आहे, पण ती ज्यांची मुलं रात्री घरी येतात त्यांच्यासाठी. माझी येत नाही. माझ्या आणि माझ्या मुलीच्या मध्ये आता दोन बाह्या आणि एक कॉलर उरलीय. त्या नियमाला मी काय चाटू? तुला मूल असतं तर तुला हे सांगावं लागलं नसतं.

बारकी

३० मार्च

प्रिय बारके,

कोट जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला. आपल्या हॉलमधून एकच वस्तू गेली, ती हीच. मंडळाच्या इतिहासात शिवणकामातून कुणी इथवर गेलं नव्हतं. कॉलर अशी बसलीय की निवड करणाऱ्यांनी दोनदा हात फिरवला. शेवटी टिटवीचा हात आपोआप बसला म्हणायचा. मधे चार दिवस ती तापाने अंथरुणावर होती, तरी काम वेळेत पुरं झालं. आता प्रदर्शनात मंचावर उभं राहून बाही कशी लावली ते सांगायचं, एवढंच उरलंय. त्याची तालीम चालू आहे. हल्ली ती बोलते जरा कमी. तापामुळे अशक्तपणा आला असेल.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याचं उत्तर देत नाही.

ताई

९ एप्रिल

ताई, ताई, ताई,

तुझ्या तोंडात साखर पडो! पत्र वाचून मी त्या आजोबांना उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं. बाईंनी जागा ठेवलीय. जूनला शाळा सुरू होते. टिटवीला सांग, खिडकीत उभी राहून वेडावून दाखवायची तयारी कर. मीही करते. मागच्या पत्रात मी वाकडं बोलले, ते तू विसरून जा. तू माझी मोठी बहीण आहेस, तुझ्याशी नाही बोलणार तर कुणाशी?

तुझी,
बारकी

३ मे

बारके,

कसं लिहावं कळत नाही. प्रदर्शनात आपली पार नाचक्की झाली.

परीक्षक म्हणून एक शिंपीणबाई होत्या. सगळ्या कोटाचं कौतुक केलं, मग तो उलटा केला, अस्तर चाचपलं आणि टिटवीला काहीबाही विचारायला लागल्या. आणि तुझ्या मुलीने भर सभेत सांगितलं की बाह्या आणि कॉलर तिने बाहेरून शिवून घेतल्या. स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मी पहिल्याच रांगेत होते, माझ्या कानांनी ऐकलं. कोट बाद झाला. मंडळाचं नाव पुकारून सांगितलं की यांना पुढच्या वर्षी प्रवेश नाही. इतक्या वर्षांची माझी मेहनत, एका वाक्यात गेली.

मी तिला एक शब्द बोलले नाही. तिच्यावर हात उगारला नाही, ओरडले नाही. कोवळं वय आहे, मोह होतो. तीही माझ्याशी बोलत नाही. मंडळात येत नाही. सुतारकाका दुसऱ्या दिवशी हॉलची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून निघून गेला. वय झालं की माणसं विनाकारण तुसडी होतात.

तुझ्या मुख्याध्यापक बाईंना काय सांगायचं ते तू ठरव.

ताई

१४ मे

टिटवे,

मावशीचं पत्र आलं. दोनदा वाचलं, तरी विश्वास बसेना.

आज बाईंसमोर मी मान खाली घालून उभी राहिले. त्या काही वाईट बोलल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "स्वतःचं काम, असं मी म्हटलं होतं." जागा त्या दुसऱ्या मुलीला गेली. आता खिडकीतून तिचे कपडे वाळत घातलेले बघायचे मी.

हा खोटेपणा कुठून शिकलीस? माझ्याकडून? तुझ्या बाबांकडून? ते आज असते तर त्यांना काय वाटलं असतं? तुझ्या मावशीने उभ्या आयुष्यात कुणा मुलाच्या वस्तूला बोट लावलं नाही, आणि तू तिच्याच घरात राहून, तिचं अन्न खाऊन, तिच्याच तोंडाला काळं फासलंस. बाही उलटी बसली होती तर बसू द्यायची. मी घातला असता तसाच.

आधी मावशीची माफी माग. मग मला पत्र लिही. तोवर मला तुझं पत्र नको.

आई

११ जून

बारके,

टिटवी घरातून गेली. पळून वगैरे नाही, सांगून गेली. गावाच्या दुसऱ्या टोकाला तंबू शिवायचा कारखाना आहे, तिथे कामाला लागली. कामावरच्या बायकांची राहायची सोय आहे, तिथेच राहते. मी अडवलं. म्हणाली, "मावशी, मंडळात तूच शिकवलंस ना, स्वतःचं स्वतः ठरवायचं." जाताना भांडी घासून, अंथरुणाची घडी घालून गेली. कपाटसुद्धा पुसून गेली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सवयीने म्हटलं, वाच मोठ्याने. तिने वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, उभी राहून, न अडखळता. 'तिच्याच तोंडाला काळं फासलंस' हेही वाचलं. मग घडी घालून पाकिटात ठेवलं आणि म्हणाली, "झालं." तुला एवढं कडक लिहायची गरज नव्हती असं मला आपलं वाटतं.

कोट ती घेऊन गेली. तुला पाठवणार म्हणत होती.

ताई

२ जुलै

ताई,

पार्सल आलं. आत चिठ्ठी नाही, काही नाही. नुसता कोट. तोही कोट कसला, पाठ आणि पुढचे भाग जोडलेले, खिसे, ती हसरी काजं. दोन बाह्या सुट्या. कॉलर सुटी. अस्तर सुटं, घडी घालून वर ठेवलेलं. मला वाटलं, रागाने फाडला. पण एकही धागा ओढून तोडलेला नव्हता, एकेक टाका निगुतीने उसवलेला.

मग मी बाही खिडकीपाशी उजेडात धरली. कापड गच्च विणीचं, सुई गेली की भोक बुजत नाही. तिने दोनदा उसवलेल्या टाक्यांची भोकं उजवीकडे कलतात, पण त्यांच्यावरून गेलेली सगळी डावीकडे कललेली आहेत, ताई. कॉलरला तीच, अस्तराला तीच. आणि खिशाच्या हातशिलाईचे टाके, जे तिने उसवले नाहीत, ते वेडेवाकडे आणि उजवीकडे. तुझ्या ठिगळांचे कपडे मी सगळं बालपण अंगावर वागवलेत. तुझा टाका मी डोळे मिटून नुसतं बोट फिरवून ओळखीन. बाहेरून शिवून घेतला म्हणे! त्या बाहेरच्या माणसाला तू रोज आरशात बघतेस.

पहिल्या रांगेत बसून तू ऐकत राहिलीस? माझी मुलगी चोर ठरत होती आणि तू गप्प बसलीस? आणि वर मला पत्र लिहिलंस, 'माझ्या कानांनी ऐकलं' म्हणून? 'कोवळं वय आहे, मोह होतो' म्हणून? तुझ्या भरवशावर मी तिला पाठवलं होतं. तुझ्याच शब्दावर मी तिला ते पत्र लिहिलं. तुझा हात झडो असं म्हणणार होते, पण त्याच हाताने मला मोठं केलंय.

तो अर्धा कोट मी अंगात घातला. बरोबर बसतो. वरून दुसरं बटण जिथे यायला हवं तिथेच येतं. मी त्या बटणावर हात ठेवून खाली बसले आणि रडले. रात्रपाळीची बाई जागी झाली.

यापुढे मला पत्र लिहू नकोस.

बारकी

१३ जुलै

बारके,

नको म्हणालीस तरी लिहिते. शेवटचं.

हो, मी शिवलं. ती तापात पडली होती, कोट खुर्चीवर होता आणि तुझं पत्र उशाशी होतं. 'तुला मूल असतं तर.' हे वाक्य लिहिताना तुझी लेखणी थांबली का गं? दोन बाह्या आणि एक कॉलर, हे शब्द कुणाचे? नियमाला काय चाटू, हे कुणी लिहिलं? तू म्हणालीस हात पुढे कर, मी केला. तुझ्या मुलीला तुझ्याजवळ पोचवायला केला. माझ्या घरातून तिला घालवायला केला, हे तुझ्या कधी डोक्यात आलं? इतकी वर्षं माझं घर मुकं होतं. ती आली आणि सकाळपासून कलकलाट. तो कलकलाट तुला देऊन टाकायला मी माझा नियम मोडला, आणि तू मला आरसा दाखवतेस.

सभेत बोलायला हवं होतं म्हणतेस. हॉल भरलेला होता. माझ्याकडे शिकून गेलेली पोरं आपापली पोरं घेऊन आली होती. त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायचं की 'हात मागे' हे सगळं थोतांड होतं? माझ्याकडे दुसरं आहेच काय? तिच्यापुढे अख्खं आयुष्य आहे, चार दिवसांत लोक विसरतील असं मला वाटलं. माझ्यापुढे तेवढा हॉलच होता. तोही आता नाही. पोरं येत नाहीत. सुतारकाका त्याच्या अंगणात खुर्च्या शिकवतो, सगळी तिकडे जातात. बंबवाले मला नमस्कार करतात, पण पूर्वीसारखं 'आज काय केलं पोरांनी?' असं विचारत नाहीत.

मी कारखान्यात जाऊन आले. तिने मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, "बरी आहेस ना मावशी?" विचारलं. परक्या माणसाशी वागतात इतकं चांगलं वागली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि एक. मी तिला चोर म्हटलं नाही, एकदाही नाही. ते तू म्हटलंस.

ताई

५ ऑगस्ट

आई,

तुझं माफी मागणारं पत्र मिळालं. ते मी मोठ्याने वाचलं नाही.

तू विचारलंस, मी तेव्हाच खरं का सांगितलं नाही. सांगते. ताप उतरला तेव्हा कोट पुरा झालेला होता. मी मावशीला म्हटलं, मी उसवते आणि पुन्हा शिवते. ती म्हणाली, वेळ नाही, आणि आईकडे जायचंय ना? मला जायचं होतं. म्हणून मी गप्प बसले. तेवढी चूक माझी, ती मी कुणाला देणार नाही.

मंचावर त्या शिंपीणबाईंनी माझ्या हातात सुई दिली आणि म्हणाल्या, चार टाके घालून दाखव. मी घातले. त्यांनी ते बाहीच्या टाक्यांशेजारी धरले. अख्ख्या हॉलला दिसलं. हळूच म्हणाल्या, "हे तुझे नाहीत बाळ, कुणाचे आहेत?" मी पहिल्या रांगेत बघितलं. मावशी हात मागे बांधून बसली होती. खुर्चीत बसूनसुद्धा. ती तिच्या चपलेकडे बघत होती. मग मी म्हटलं, बाहेरून शिवून घेतलं. मला वाटलं, हॉलबाहेर पडल्यावर मावशी बोलेल. मग वाटलं, घरी गेल्यावर बोलेल. मग वाटलं, निदान तुला तरी खरं लिहील. आणि तिने नाही लिहिलं तरी तू मला विचारशील, असं वाटलं. हात पुढे कर म्हणणारं तुझं पत्र मीच वाचलं होतं ना. तू ते लिहिलं होतंस, मग तुला तरी कळायला हवं होतं हात कुणाचा. पण तू विचारलं नाहीस. सगळं ठरवूनच लिहिलंस. मावशीने काय केलं त्याचं मला इतकं लागलं नाही, जेवढं त्या पत्रातल्या 'तोवर मला तुझं पत्र नको' याचं लागलं.

तुझ्या मुख्याध्यापक बाई आता पुन्हा विचार करतील असं लिहिलं आहेस. मी येणार नाही. रागाने नाही म्हणत. इथे तंबूचं कापड इतकं जाड असतं की सुई दोन्ही हातांनी रेटावी लागते, तळव्याला कातडं बांधून. मुकादमबाई तोंडाने फाटकी आहे, पण माझी टीप वाकडी गेली तर मलाच उसवायला लावते. मला ते बरं वाटतं. सुतारकाका मधूनमधून येतो, दारात उभा राहतो, बघतो आणि जातो.

बाह्या आणि कॉलर तुझ्याकडेच राहू देत. त्या लावून घालू नकोस, मावशीकडून तर नाहीच. इथल्या उरलेल्या कापडाच्या मी नव्या कापल्यात, आणि कोटाचं अंग तुझ्याकडे आहे म्हणून सरावाला तसंच दुसरं कापलंय. बाही अजून उलटी बसते. उसवते आणि लावते. कधी होईल सांगता येत नाही. आणि दुसरं बटण आता चुकलंय म्हणा. मी या वर्षात उंच झालेय, माझं नाक कुठे येईल मलाच माहीत नाही.

आणखी एक. मला टिटवी म्हणू नकोस. इथे मला माझ्या नावाने हाक मारतात, आणि मी फार बोलतही नाही.

तू रजा काढून येतेस म्हणालीस. ये. जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी बाकावर बसता येतं. मी शिवत असेन, बघ. बाही उलटी बसली तरी सांगू नकोस. रडू आलं तर रड. मला जवळ घ्यावंसं वाटेल तुला, मला माहीत आहे. पण मी सांगेपर्यंत, आई, हात मागे.

तुझी मुलगी